हेडक्लार्कच्या घरातला निबंध

'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती ५००, किंमत ९ आणे. लेखिका ताराबाई शिंदे मात्र बुलढाण्याच्या.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढे बुलढाणा जिल्ह्याचे ठाणे झाले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासदही. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी घरीच शिकवले. जावई घरजावई करून घेतल्याने लग्नानंतरही ताराबाई माहेरीच राहिल्या. वडिलांची विद्या लेकीकडे आली. त्यांची खुर्ची तिच्याकडे येणे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसते.

निबंधाला निमित्त झाला सुरतेकडचा एक खटला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपले अर्भक मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली; अपिलात ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली आणि नंतर आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर तोंडसुख घेणे सुरू झाले. ताराबाईंनी त्याला उत्तर दिले, तेही मुद्देसूद. स्त्रियांचे दुर्गुण मोजणारा जुना संस्कृत श्लोक पुढे घ्यायचा, त्यातला एकेक आरोप उचलायचा आणि तो पुरुषांना किती लागू पडतो हे दाखवायचे, अशी मांडणी. कैफियतीला कलमवार जबाब द्यावा तसे हे वाचताना वाटते. कचेरीची शिस्त घरात मुरली होती की काय, अशी शंका येते. भाषा मात्र कचेरीची नाही, ओसरीवरच्या भांडणाची आहे. नवऱ्याला देव मानायचे तर त्याने देवासारखे वागू नये काय, हा ताराबाईंचा रोख. विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी करणारे स्वतः मात्र इंग्रजी बूट-पाटलोण चढवून मिरवतात, हेही त्यांनी सुनावले. पुराणातले देवही सुटले नाहीत.

निबंधाची टवाळी झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे निबंध विस्मृतीत होता; १९७५ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापला. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर आले.

ज्या खुर्चीचा विचारही ताराबाईंच्या काळी नव्हता, तशा खुर्च्या पुढे बुलढाणा जिल्ह्यात हळूहळू बायकांसाठी खुल्या झाल्या, आणि त्याला कायद्याचा धक्का लागला. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा आणि सरपंचपदे राखून ठेवली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. हे बदल गावोगाव पोहोचले, आणि सरपंचाऐवजी सरपंचपतीच कारभार पाहतो ही तक्रारही त्यांच्यासोबत आली. विधानसभेत आरक्षण नसतानाही जिल्ह्यातल्या चिखलीतून रेखा खेडेकर १९९५ पासून सलग तीनदा निवडून आल्या, आणि २०१९ व २०२४ मध्ये श्वेता महाले.

नोकरीच्या जागेसाठी वेगळा कायदा २०१३ मध्ये झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ पदावरची स्त्री हवी. लहान आस्थापनांसाठी जिल्हा अधिकाऱ्याने स्थानिक समिती नेमायची, तिचीही अध्यक्ष स्त्रीच. बापूजी शिंदे ज्या कचेरीत हेडक्लार्क होते, तिची जागा आज जिल्हाधिकारी कार्यालयाने घेतली आहे, आणि हा कायदा त्यालाही लागू आहे.