व्हेनिसची हिशेबपद्धति

इ. स. १४९४ मध्यें व्हेनिस शहरीं लुका पाचोली नांवाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाचा गणितावरील एक जाडजूड ग्रंथ छापून निघाला. त्याच्या एका भागांत दुहेरी नोंदीची हिशेबपद्धति सांगितली आहे. पुष्कळजण पाचोलीला या पद्धतीचा जनक म्हणतात. तें खरें नव्हे. जिनोआच्या नगरशासनाच्या १३४० च्या वह्या अशाच लिहिलेल्या आहेत. मग पाचोलीनें केलें काय? पेढीवर उमेदवारी करून मिळवावयाची विद्या त्यानें छापील ग्रंथांत आणली, आणि तीही लॅटिन सोडून लोकभाषेंत! प्रथम कच्ची नोंद, मग रोजकीर्द, शेवटीं खतावणी, हा त्याचा क्रम. शंभर डुकॅटांचीं मिरीं रोखीनें घेतलीं, तर मिऱ्यांच्या खातीं शंभर नांवें आणि रोकडीच्या खातीं शंभर जमा. वह्या बंद करतांना मालाचा नफातोटा वेगळ्या खातीं काढून तो भांडवलांत मिळवावयाचा. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या नाहींत, तर चूक निश्चित. परंतु त्या जुळल्या म्हणजे हिशेब खरा, असें समजूं नये. मिऱ्यांची रक्कम नजरचुकीनें लवंगांच्या खातीं पडली, तरी ताळा बिनबोभाट जुळतो. मिऱ्यांत मात्र नसलेला नफा दिसूं लागतो.