पळसावरची लाख आणि पाण्यातला रंग

मंडळी, लाख कोणाला माहीत नाही? शिक्षकांना ती परीक्षेच्या दिवसांत भेटत असे. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर सुतळी बांधायची, मेणबत्तीवर लाल लाख वितळवायची आणि गाठीवर मोहोर उठवायची. सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो, लोहार विळ्याचे पाते मुठीत लाखेने पक्के करतो, आणि लाखेच्या बांगड्या तर आपल्या आयाबहिणींच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वारणावताचे लाक्षागृह पुराणिकबुवांनी सगळ्यांना ऐकवलेलेच असते. मी मात्र आज लाखेकडे तुमचे लक्ष वेधतो आहे ते रंगासाठी, म्हणजे दारांना, भिंतींना, लाकूडसामानाला आपण जो रंग लावतो त्यासाठी.

रंगात तीन गोष्टी असतात. एक रंगाची पूड, दुसरी ती पूड पृष्ठभागाशी बांधून ठेवणारी राळ, आणि तिसरा त्या राळेला पातळ करणारा द्रव. पूड आपल्याला दिसते. राळ आणि द्रव यांचा विचार रंगारी सोडून कोणी करीत नाही. आपल्या घरांना पूर्वी चुना लागत असे, गेरू लागत असे. त्यातला द्रव म्हणजे विहिरीचे पाणी. स्वस्त, बिनवासाचा, बिनधोक. फक्त त्याला धरून ठेवणारी राळ दुबळी. थोडा डिंक घातला तरी पहिल्या मृगाच्या सरीने गेरू ओघळायचा. मग तेलाचा रंग आला. तो पावसाला दाद देत नाही, पण त्याला पातळ करायला टर्पेंटाइन किंवा रॉकेलच्या जातीची तेले लागतात. नव्या रंगाने डोके दुखते असे आपण म्हणतो, ते दुखणे याच तेलांच्या वाफेचे. रंग वाळतो म्हणजे काय होते? त्यातले हे द्रव्य हवेत जाते. लाखो घरे, मोटारी, यंत्रे यांच्या रंगातून ते हवेत गेले की उन्हात मोटारींच्या धुराशी त्याची क्रिया होऊन ओझोनसारखा घसा जाळणारा वायू जमिनीलगत तयार होतो. अमेरिकेत लॉस एंजलिस शहर अशा धुरकटाने बेजार झाले, तेव्हा तिथल्या परगण्याने १९६६ साली ‘नियम ६६’ करून अशा द्रव्यांच्या वापरावर मर्यादा घातली. तेव्हापासून रंगाच्या कारखानदारांना एकच घोर लागला: राळ तेलातल्या रंगाइतकी चिवट हवी, आणि तरी ती पाण्यात मिसळायला हवी.

आता गोंदिया जिल्ह्यात या. धानाच्या बांध्या, त्यांचे धुरे आणि धुऱ्यांवर पळस. फाल्गुनात केशरी होणारे हे झाड लाखेच्या किड्याचे आवडते घर. बोरीवर आणि कुसुंबावरही तो राहतो. किडा डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पितो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करीत जातो. एक किलो राळेला सुमारे तीन लाख किडे राबतात असा हिशेब सांगतात. पळस-बोरीवरची लाख ती रंगीनी, कुसुंबावरची ती कुसुमी. पिकांची नावे आपल्या महिन्यांवरून पडली आहेत: कतकी, बैसाखी, अघनी, जेठवी. आषाढाच्या सुमारास बियाण्याची लाख लगडलेल्या काड्या फांद्यांना बांधायच्या. पिल्ले रांगत फांदीवर पसरली की रित्या काड्या काढून घ्यायच्या. कार्तिकात कतकी कापायची.

ही राळ पाण्यात विरघळत नाही. स्पिरिटात विरघळते, सुतार चपडा स्पिरिटात भिजवून लाकडाला चमक आणतो, तेच फ्रेंच पॉलिश. पण तिचा आणखी एक गुण आहे. लाखेच्या घडणीत आम्ल भाग आहेत. पाण्यात टाकणखार, धुण्याचा सोडा किंवा अमोनिया असा एखादा क्षार असला, की ते आम्ल भाग क्षाराशी जुळतात आणि एरवी पाण्याला न जुमानणारी राळ पाण्यात उतरते. वैद्यकातली एक गोष्ट सांगितली म्हणजे हे पटेल. काही गोळ्या पोटात न विरघळता आतड्यात विरघळाव्या लागतात. अशा गोळ्यांवर लाखेचा लेप देतात. जठरातल्या आम्लात लाख तशीच राहते, आतड्यातल्या सौम्य क्षारात सुटते.

हा गुण आपल्याकडच्या जुन्या लोकांना ठाऊक होता, हे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून मुद्दाम सांगतो. गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथात राजपुतान्यातल्या पक्क्या शाईची रीत नोंदली आहे. पिंपळाच्या लाखेची पूड पाण्यात उकळायची, तीत टाकणखार आणि लोध्र घालायचे, आणि मग काजळ घोटायचे. ही शाई पाण्याने फिसकटत नसे. पोथी म्हणजे वर्षानुवर्षे दमट हवेत राहणारी वस्तू. तिला अशीच शाई हवी. आता बघा, पूड काजळाची, राळ लाखेची, द्रव पाणी. ही शाई म्हणजे पाण्यात उतरवलेल्या राळेचा रंगच झाला, आणि तो तयार करायला प्रयोगशाळा लागली नाही.

शिक्षकांना हे वर्गात करून दाखवता येईल. चपड्याची पूड साधारण पाच भाग आणि टाकणखार एक भाग, भरपूर पाण्यात मंद आचेवर ढवळा. पाणी उकळू देऊ नका, भांडे कल्हईचे किंवा मुलाम्याचे घ्या. तपकिरी काढा तयार झाला की फडक्याने गाळा आणि कुंचल्याने कागदावर लावा. टाकणखाराऐवजी अमोनिया वापरला तर पडदा पाण्याला जास्त टिकतो, कारण वाळताना अमोनिया उडून जातो आणि राळ पुन्हा मूळपदावर येते. पण त्याचा वास उग्र. तो प्रयोग मोठ्यांनीच, आणि उघड्यावर करावा.

इतका गुणी पदार्थ, तर मग त्याचे उत्पादक सुखी का नाहीत? इथे व्यापाराचा इतिहास आड येतो. इंग्रजी अमदानीत आधी लाखेला मागणी होती ती तिच्यातल्या तांबड्या रंगासाठी. काडीलाख धुतली की जे लाल पाणी निघते, त्यापासून कापड रंगवण्याचा रंग होई आणि तो विलायतेला जाई. १८५६ साली पर्किन या तरुण इंग्रजाने डांबरापासून कृत्रिम रंग काढला, त्यामागून तसे अनेक रंग आले, आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत लाखेच्या रंगाचा बाजार बसला. ज्या लाल पाण्याचे पैसे येत होते ते गटारात जाऊ लागले. भाव आला तो राळेला.

तो आणला विजेने आणि ग्रामोफोनने. विजेच्या यंत्रांत वीज अडवायला लाख लागे, आणि बर्लिनरच्या तबकड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाखेच्या होऊ लागल्या. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्वांची पदे ज्या तबकड्यांवरून घरोघर पोचली, त्या काळ्या तबकड्यांत लाखेचाच चिकटपणा होता. आपल्या भागातला माल बाहेर जाण्याची वाटही याच सुमारास मोकळी झाली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया कलकत्त्याशी जोडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडची छोटी लाईन इथूनच निघाली. बालाघाटपासून देवरी-सालेकशापर्यंतच्या रानातला माल गोंदियाला उतरू लागला, आणि तिथे लाख धुऊन चपडा करण्याचे काम रुजले.

ते काम पाहण्यासारखे. दाणेलाख कापडाच्या लांब पिशवीत भरायची, पिशवी कोळशाच्या भट्टीसमोर धरून पीळ द्यायचा, कापडातून पाझरलेली वितळती लाख गरम पाण्याच्या नळकांड्यावर पसरायची. मग कारागीर तो ऊन पडदा दोन्ही हातांनी, पायांनी आणि चक्क दातांनी ताणून कागदासारखा पातळ करी. उन्हाळ्यात भट्टीसमोर बसून हे करणाऱ्याला काय मिळत असेल, याचा हिशेब कुठल्या तबकडीवर लिहिलेला नसे.

लाखेवर शास्त्रीय संशोधन व्हावे म्हणून १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे संस्था उभी राहिली. १९६६ पासून ती भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे आहे, आणि २०२२ पासून तिचे नाव राष्ट्रीय दुय्यम कृषि संस्था असे आहे. लाखेच्या पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशांवर आणि रंगांवर तिथे काम झाले आहे. पण बाजार संशोधकांची वाट पाहत नाही. १९४८ साली अमेरिकेत प्लॅस्टिकच्या लांब वाजणाऱ्या तबकड्या निघाल्या आणि लाखेची तबकडी हळूहळू मागे पडली. योगायोग असा, की त्याच १९४८ साली अमेरिकेत ग्लिडन कंपनीने भिंतीसाठी कृत्रिम रबराच्या दुधाचा रंग बाजारात आणला. ताकात लोण्याचे कण तरंगावेत तसे त्यात राळेचे कण पाण्यात तरंगतात. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून पडदा होतो. आज दुकानात ‘इमल्शन’ म्हणून मिळतो तो याच घराण्यातला.

दुसरे घराणे आहे राळेला आम्ल भाग जोडून, ते अमोनियासारख्या क्षाराने शांत करून पाण्यात उतरवण्याचे. मोटारींच्या आणि यंत्रांच्या कित्येक रंगांत हीच युक्ती आहे. तत्त्व आपल्या लाखेच्या शाईचेच. फरक एवढाच, की ही राळ बहुधा खनिज तेलापासून होते. पळसावर होत नाही.

मग पळसावरचीच का वापरू नये? इथे भाबडेपणा नको. लाखेचा पडदा पाणी साचले तर पांढरा पडतो, जुना झाला की ठिसूळ होतो, साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने सुटतो. तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला ती पावसाळ्यात पुरायची नाही. लाकडी खेळणी, घरातले फर्निचर, कागद, फळे, औषधे ही तिची खरी क्षेत्रे. इतर राळांच्या जोडीने तिचे दोष किती कमी करता येतील, हा पुढचा प्रश्न. दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ साली निघालेली तंत्रसंस्था नागपुरात आहे आणि तिथे तेले व रंग यांचे शिक्षण मिळते. गोंदियाच्या लाखेला एवढ्या जवळ जाणकार मिळत असता तिने फक्त कच्चा माल म्हणून गाडीत चढावे, हे मला पटत नाही.

कायद्याने आता एक गोष्ट झाली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांमध्ये लाखेचे नाव स्पष्ट लिहिले आहे. वनहक्क मिळालेल्या गावांचा तिच्यावर मालकी हक्क आहे. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेतही रंगीनी आणि कुसुमी या दोन्ही लाखा आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावकडच्या ग्रामसभांनी आणि तिथल्या शिक्षकांनी हे वाचून ठेवावे.

आणि एक अडचण कायद्याच्या हातातली नाही. बैसाखी पीक उन्हाळ्यातून पार पडावे लागते. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. त्या झळांत किडे मरतात. पुष्कळ ठिकाणी गरजेपोटी चैत्र-वैशाखातच कच्ची लाख, जिला ‘अरी’ म्हणतात, ती सगळीच्या सगळी कापली जाते. मग आषाढात बांधायला बियाणेच उरत नाही, आणि ते दुसऱ्या जिल्ह्यातून विकत आणावे लागते. दहा पळसांतले दोन-तीन सावलीतले, ओल्या जागेवरचे पळस न कापता राखले, तर घरचे बियाणे घरी राहते.