हिराबागेतील सभा आणि आपण बायका

सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला कधीच गेली नाही अशी पुण्याची बाई विरळाच. पण ज्याला आपण सवयीने तळे म्हणतो त्याचे पाणी एके काळी खूप दूरवर पसरलेले होते, आणि त्याच्या काठी पेशव्यांची हिराबाग होती, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. आता ते नाव रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतेच उरले आहे.

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली पर्वतीवर देवदेवेश्वराचे देऊळ बांधले. खाली आंबील ओढा अडवून तळे केले, आणि १७५५ च्या सुमारास काठावर ही बाग व बंगला उठविला. पुढे १८०३ साली व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज लॉर्ड पुण्यास आला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने त्याला येथेच मेजवानी दिली. त्याने ती हकिकत लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. (रांधणाऱ्यांची नावे मात्र इतिहासात कधी येत नाहीत!) १८१८ साली राज्य गेले. ज्या ठिकाणी पेशवे विसाव्याला येत, त्याच ठिकाणी पुढे पुण्याच्या जाहीर सभा भरू लागल्या आणि लोक त्याला टाऊन हॉल म्हणू लागले.

व्याख्यान ऐकण्याची गोडी पुण्याला लागली ती याच काळात. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले, आणि १८७५ साली त्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याआधी ऐकायचे म्हणजे देवळातले कीर्तन नाहीतर पुराण. त्याला बायका जात, कारण तो देवाधर्माचा भाग होता. सभा म्हटली की ते पुरुषांचे काम.

हिराबागेतली सगळ्यांत गाजलेली सभा भरली ११ मे १८७८ रोजी. लोकहितवादी आणि रानडे यांनी मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना बोलावणे केले होते. रानडे अध्यक्ष होते, पन्नासेक मंडळी जमली होती. आज आपण साहित्य संमेलन म्हणतो त्याचा आरंभ हाच. आपल्या भाषेत पुस्तके कशी वाढतील याचा विचार लिहिणाऱ्यांनी एकत्र बसून करावा, ही कल्पना फार मोठी होती. पण या सभेची आठवण निघते तेव्हा नावे येतात ती पुरुषांचीच. वास्तविक याच पुण्यात सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ साली, म्हणजे सभेच्या चोवीस वर्षे आधी, छापून निघाला होता! ग्रंथकारांची दुसरी सभा १८८५ साली पुण्यातच भरली, तेव्हा जोतीराव फुल्यांना बोलावणे गेले. त्यांनी येण्यास पत्राने साफ नकार दिला. ज्या सभांत आणि पुस्तकांत कष्टकऱ्यांचे हित येत नाही, तेथे आपला मेळ बसायचा नाही, असा त्यांचा रोख होता. मला तो नकार आजही विचार करण्याजोगा वाटतो.

त्याच्या एक वर्ष आधी, १८८४ साली, हिराबागेत आणखी एक सभा झाली, आणि ती मला ग्रंथकारांच्या सभेपेक्षाही मोठी वाटते. मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी मागणी होती. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हजर होते. त्यांच्यापुढे आणि एवढ्या पुरुषमंडळींपुढे उभे राहून रमाबाई रानडे यांनी इंग्रजीत भाषण वाचले. विशीच्या घरातली ती बाई, १८७३ साली लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. मराठी आणि मग इंग्रजी ती शिकली ती सासरी, पतीच्या पाठिंब्याने आणि घरातल्या बायकांची बोलणी सोसून. सभेहून घरी आल्यावरही शाबासकी बाजूलाच राहिली, वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे वाट्याला आले. हे सारे त्यांनी १९१० सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले आहे. त्यात सासरच्या बायकांविषयी कडवटपणा नाही, याचे मला फार नवल वाटते. कारण बाहेर गव्हर्नरापुढे बोलणे एक वेळ सोपे. माजघरात गप्प राहून दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडणे कठीण. संसार केलेल्या कोणाही बाईला हे सांगायला नको.

सप्टेंबर १८८४ मध्ये शाळा उघडली. थोड्याच काळात ती पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी गेली, म्हणून आपण तिला हुजूरपागा म्हणतो. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींच्या आया, आज्या तेथे शिकल्या असतील.

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बाई बसायला मात्र १९६१ साल उजाडले. ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. हिराबागेपासून मोजले तर त्र्याऐंशी वर्षे! त्यांच्यानंतर दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजयाबाई राजाध्यक्ष, अरुणाताई ढेरे आणि २०२५ साली दिल्लीला ताराबाई भवाळकर. एवढ्या वर्षांत सहाच.

आता आपल्या घरचे. आपल्या मंडळात व्याख्यान असले की पाहुणे बोलावतो, हार घालतो, चहा देतो. प्रश्न विचारा म्हटले की सगळ्या एकमेकींकडे पाहतात. मी सातवीपर्यंत शिकलेली, मीही त्यातलीच. म्हणून येत्या वर्षी निदान दोन व्याख्याने सभासद भगिनींनीच द्यावीत, असे मी कार्यकारिणीस लिहून दिले आहे. विषय आपल्या पेठेचा, जुन्या वाड्यांचा, आडांचा आणि हौदांचा असला तरी चालेल. त्याची माहिती आपल्या सासूबाईंजवळ जितकी आहे तितकी बाहेरच्या पाहुण्यांजवळ नाही. ज्यांची तयारी असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. वहीत पहिले नाव माझे आहे.