फॉन्टचा सातबारा

फॉन्टला कुलूप असायचं, हे सांगितलं की माझ्याकडे डीटीपी शिकायला येणारी पोरं हसतात. पण श्रीलिपीसारख्या मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर हार्डवेअर लॉक यायचं. संगणकाच्या मागं ते बोटभर लॉक खोचल्याशिवाय पत्रिकेतला ‘श्री गणेशाय नमः’सुद्धा उमटत नसे. गडहिंग्लजला कंपोज केलेलं कोल्हापूरच्या छापखान्यात न्यायचं, तर तिथंही तेच पॅकेज हवं. नाहीतर पडद्यावर सगळी किडामुंगी. सगळ्या संगणकांवर एकच चालणारा युनिकोड हा अक्षरसंकेत रुळेपर्यंत हेच चाललं.

ते कुलूप उघडायला पुण्याचीच अक्षरं कामी आली. श्रीलिपीवाल्या मॉड्युलर इन्फोटेकनं पुरवलेले लोहित फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीनं जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुले केले. तरी एक मेख उरलीच. जीपीएल लिहिला गेला प्रोग्रामसाठी; ज्यात तो कोड मिसळेल तेही त्याच परवान्याखाली द्यायचं, ही त्याची अट. आणि फॉन्ट तर पीडीएफच्या पोटात जाऊन बसतो. मग सवलतीचं कलम नसेल, तर अख्खी पत्रिकाच जीपीएलखाली येते की काय? सप्टेंबर 2011 मध्ये लोहित ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. वापरा, बदला, वाटा. नुसता फॉन्ट तेवढा विकू नका. त्यात छापलेल्या मजकुरावर परवान्याचा हक्क नाही.

परवान्याचं हे सगळं डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रत्येक पॅकेजसोबत येणाऱ्या ‘कॉपीराइट’ फाइलीत असतं. मला तो सातबाराच वाटतो: मालक कोण, अटी काय. डेबियनवाले या बाबतीत भलतेच कडक. 1997 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचे निकष लिहून काढले आणि पुढच्याच वर्षी केडीई डेस्कटॉप भांडारातून काढला. केडीईचा स्वतःचा परवाना चोख होता. पण तो ज्या क्यूटी लायब्ररीवर उभा, तिचा परवाना जीपीएलशी जुळेना. 2000 साली क्यूटी जीपीएलखाली आली, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. मला हा कडकपणा पटतो. खालची वीट वादातली असेल तर वरचा मजला आपला कसा म्हणायचा?

याच भांडारातून देवनागरी फॉन्टांचं ‘फॉन्ट्स-देवा’ पॅकेज मागवलं तर आत नुसती यादी असते. ती वाचून एपीटी हे डेबियनचं पॅकेज उतरवणारं साधन लोहित, गार्गी, नकुल, सहदेव एकेक उतरवून घेतं. यातले दोघे पांडव केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांच्यासाठी तयार झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताचा संगणकीय पाठ सिद्ध करणारे ते हेच. मजकुराला ही मंडळी ठीक. पण गणेश मंडळाच्या फ्लेक्सवर गिऱ्हाईकाला गुबगुबीत अक्षर लागतं. तिथं मी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ लावतो. परवाना लोहितचाच, ओपन फॉन्ट लायसन्स.