'झिरो कमिशन' म्हणजे फुकट नव्हे! परदेशात जाताना चलन कसं घ्यायचं?

वारज्यातलं चार जणांचं एक कुटुंब दुबईला निघालंय, असं समजा. तिकिटं झाली, व्हिसा आला. राहिले फक्त दिरहम. बँकेचा दर वेगळा, मनी चेंजरचा वेगळा. त्यात ओळखीतलं कुणीतरी म्हणतं, 'पावती नको असेल तर स्वस्तात मिळवून देतो.' मग चलन घ्यायचं कुणाकडून?

चलन कुठे मिळतं?

रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँका आणि मनी चेंजरकडेच. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट सोबत ठेवा. ५० हजार रुपयांपर्यंतचं चलन रोख पैसे देऊन घेता येतं, त्यापुढे चेक, कार्ड किंवा बँक ट्रान्सफर लागतं.

परवाना नसलेल्या माणसाकडून चलन घेणं 'फेमा' कायद्याचा भंग आहे. त्यासाठी रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वाचलेल्या दोन-चार हजारांपेक्षा हे कितीतरी महाग पडतं.

रोख किती नेता येते?

बहुतेक देशांसाठी एका व्यक्तीला एका प्रवासात ३,००० डॉलरइतक्या परकीय नोटा घेता येतात. बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डावर भरता येते. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन मिळत नाही.

'झिरो कमिशन'मध्ये पैसे कुठे जातात?

दरात. बाजारात १०० रुपयांना मिळणारं चलन दुकानदार १०२ रुपयांना देत असेल, तर एक लाखाच्या खरेदीत साधारण दोन हजार तिथेच गेले. त्या तुलनेत जीएसटी किरकोळ असतो: एक लाखाच्या व्यवहारावर १८० रुपये.

म्हणून 'कमिशन किती?' असं विचारू नका. 'एक हजार दिरहम हातात पडायला सगळं धरून किती रुपये लागतील?' हा एकच प्रश्न तीन ठिकाणी विचारा.

कार्डात कोणतं चलन भरायचं?

जिथे जाताय तिथलं. डॉलर भरून दुबईत दिरहममध्ये खर्च केला, तर चलन दोनदा बदलतं आणि दोन्ही वेळा पैसे कापले जाऊ शकतात. आपलं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड वापरणार असाल, तर परदेशी व्यवहारावर किती शुल्क लागतं हे निघण्याआधीच बँकेला विचारा.

परदेशात कार्ड मशीन किंवा एटीएम कधीकधी विचारतं, 'रुपयात द्यायचे की स्थानिक चलनात?' रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर मशीनवाल्याचा असतो आणि बहुधा महाग पडतो. स्थानिक चलनच निवडा.

उरलेल्या चलनाचं काय?

परतल्यावर १८० दिवसांच्या आत ते परत करावं लागतं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. प्रवासच रद्द झाला, तर चलन घेतल्यापासून ६० दिवसांत परत करायचं. फॉरेक्स कार्डातली शिल्लकही यात धरली जाते, त्यामुळे आल्यावर कार्ड कपाटात टाकण्याआधी बॅलन्स तपासा. खरेदीची पावती मात्र जपून ठेवा. चलन रीतसर घेतल्याचा तोच पुरावा असतो.