घड्याळ मॉस्कोचं, दिवस आपला

१८९१ साली युवराज निकोलसच्या हस्ते व्लादिवोस्तोकला ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचं काम सुरू झालं. मॉस्कोपासून ९,२८९ किलोमीटर. आजही जवळपास ७ दिवसांचा प्रवास. झारच्या काळात रशियन रेल्वे पीटर्सबर्गच्या घड्याळावर चालायची, पुढे मॉस्कोच्या. २०१८च्या ऑगस्टपर्यंत व्लादिवोस्तोकला सकाळचे ८ वाजले, की स्टेशनातलं घड्याळ रात्रीचा १ दाखवायचं! आम्ही इंजिनिअर जगभरच्या सर्व्हरवर एकच वेळ ठेवतो, तसंच हे. वेळापत्रकात घोळ होत नाही. पण ५४ बर्थच्या डब्यातली माणसं? ती खिडकीबाहेर उजाडलं की उठायची, डब्याच्या टोकाला असलेल्या बंबातून उकळतं पाणी आणून चहा करायची. गाडी राजधानीच्या वेळेवर धावायची. सकाळ कधी झाली, हे मात्र त्यांचं तेच ठरवायचे.