चर्च, वस्ती आणि समाजकार्य : नागपाडा नेबरहुड हाऊसचा वारसा व पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा

प्रस्तावना :
पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. 1970 मध्ये नगरपालिका व 1982 मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. चाकणपर्यंत विस्तारलेल्या या पट्ट्यात कारखान्यांबरोबरच श्रमिकांच्या वस्त्याही वाढल्या. अशा वस्त्यांत सेवाकार्य कोणी व कोणत्या तत्त्वावर करावे, हा प्रश्न नवा नाही. गिरण्यांच्या मुंबईत एका ख्रिस्ती मिशनने त्याचे जे उत्तर शोधले, त्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकन मराठी मिशनचे कार्य 1813 मध्ये मुंबईत सुरू झाले. शाळा, मुद्रण, वैद्यकीय सेवा व धर्मप्रसार ही त्याची प्रमुख अंगे होती. विसाव्या शतकात चाळींतील गर्दी, अनारोग्य व कर्जबाजारीपणा यांपुढे केवळ दानधर्म अपुरा ठरू लागला. लंडनमधील टॉयनबी हॉल (1884) आणि शिकागोतील हल हाऊस (1889) यांनी निराळा मार्ग दाखविला होता. मदत वाटून परतण्याऐवजी कार्यकर्त्यांनी वस्तीतच राहावे, हे त्याचे सूत्र होते.

नागपाड्यातील प्रयोग :
शिकागो येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट 1925 मध्ये मिशनच्या वतीने भारतात आले. 1926 मध्ये मिशनने नागपाडा नेबरहुड हाऊसची स्थापना केली व मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. नागपाड्यात मुस्लिम, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती असे विविध समाज एकत्र नांदत होते. त्यामुळे संस्थेची दारे सर्वांसाठी खुली ठेवण्यात आली. सेवा हे धर्मांतराचे साधन नव्हे, ही भूमिका मिशनरी परंपरेत महत्त्वाचे वळण ठरली.

सेवेकडून व्यवसायाकडे :
सद्भावनेला प्रशिक्षणाची जोड हवी, हे या अनुभवातून स्पष्ट झाले. मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अर्थसाहाय्याने 1936 मध्ये नागपाड्यातच समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. 1944 मध्ये त्याचे टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले. मिशनच्या वस्तीकार्यातून अशा प्रकारे एक धर्मनिरपेक्ष व्यवसाय जन्माला आला. पुण्यातही 1963 मध्ये कर्वे समाजसेवा संस्था स्थापन झाली.

वारशाच्या मर्यादा :
1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 49 ने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांना त्यामुळे उद्योगक्षेत्रात कायदेशीर स्थान मिळाले. मात्र या व्यवस्थेत सेवेचे एकक बदलले. नागपाड्यात ते वस्ती होते. येथे ते कारखाना झाले. लहान कार्यशाळांतील मजूर, घरकाम करणाऱ्या व कचरा वेचणाऱ्या स्त्रिया तसेच कामगारांची कुटुंबे या कक्षेबाहेर राहिली. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे मोठ्या उद्योगांना असंख्य लघुउद्योगांचा आधार आहे.

समारोप :
नागरी गरिबांच्या संदर्भात चर्चचे चिरस्थायी योगदान केवळ त्याने दिलेल्या मदतीत शोधणे पुरेसे नाही. आपले कार्य सर्वधर्मीयांसाठी खुले करणे आणि पुढे ते स्वतंत्र विद्याशाखेच्या हाती सोपविणे, यात त्याचे खरे महत्त्व आहे. मात्र या हस्तांतरात वस्तीशी असलेले निकटचे नाते काहीसे क्षीण झाले. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याची आखणी करताना कारखान्याइतकेच वस्तीलाही केंद्रस्थानी ठेवल्यास हा वारसा अर्थपूर्ण ठरेल.